जोखीम ज्याची त्याची

घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातून पहिली वस्तू कोणती काढून घेतली जाते? कपाटाची किल्ली पुष्कळ दिवस त्याच्याकडेच राहते. शेताचा सातबारा, बँकेचे पासबुक, देवघरातली चांदीची भांडी यांनाही इतक्यात कोणी हात लावीत नाही. पहिल्याने जाते ती गाडीची किल्ली. “बाबा, आता राहू द्या. रहदारी किती वाढली आहे,” असे मुलगा मायेने म्हणतो, सून मान डोलावते, आणि पन्नास वर्षे ज्या हाताने गाडी चालवली तो हात रिकामा होतो. ही जप्ती प्रेमाने केलेली असते. म्हणून तिच्याविरुद्ध कोठे दादही मागता येत नाही.

अशा घरांतून वाचली जाणारी एक बातमी २०२४ च्या जून महिन्यात आली. अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्याजवळ सॅन वान नावाची बेटे आहेत. ७ जून रोजी तेथे एक जुने, सैनिकी शिक्षणासाठी वापरले जाणारे लहान विमान समुद्रात कोसळले. विमानात एकच माणूस होता आणि तोच विमान चालवीत होता. त्याचे वय होते नव्वद वर्षे. नाव विल्यम अँडर्स; चंद्राला प्रदक्षिणा घालून आलेल्या जगातल्या पहिल्या तिघांपैकी एक.

या बातमीवर सुशिक्षित लोकांत जी बोलणी होतात ती सहज दोन तटांत वाटली जातात. एक तट म्हणतो, “नव्वदाव्या वर्षी विमान? घरच्यांनी अडवायला नको होते का?” दुसरा म्हणतो, “वा! मरण यावे तर असे.” पहिल्या तटात मुले अधिक असतात, दुसऱ्यात त्यांचे वडील! दोन्ही तटांचे बोलणे ऐकले की वाटते, दोघांनाही प्रश्नाची एकेकच बाजू दिसते आहे. त्या म्हाताऱ्या वैमानिकाने पस्तिसाव्या वर्षी काय केले होते ते आठवल्यावाचून नव्वदाव्या वर्षीच्या त्याच्या वागण्याचा अर्थ लागत नाही.

तीन भागांचा हिशेब

२१ डिसेंबर १९६८ या दिवशी अपोलो ८ हे यान निघाले. फ्रँक बोरमन आणि जिम लव्हेल हे दोघे चाळीस वर्षांचे, अँडर्स पस्तीस वर्षांचे. तोपर्यंत कोणताही माणूस पृथ्वीजवळची कक्षा सोडून गेला नव्हता. ज्या सॅटर्न ५ अग्निबाणावर त्यांना बसावयाचे होते तो आधी दोनदाच उडाला होता, तोही माणसांवाचून. आणि त्यातल्या दुसऱ्या खेपेला त्याने बरीच कुरकूर केली होती. त्याआधी जानेवारी १९६७ मध्ये अपोलोच्या तीन अंतराळवीरांचा जमिनीवरच्या चाचणीत आग लागून अंत झाला होता. ते दुःख अजून ताजे होते.

सर्वांत कठीण जागा चंद्राच्या पाठीमागे होती. तेथे पोचल्यावर यानाचे मोठे इंजिन चालवून गती कमी करावयाची, म्हणजे यान चंद्राभोवती फिरू लागेल. परतताना तेच इंजिन पुन्हा चालवावयाचे, म्हणजे ते चंद्राच्या ओढीतून सुटेल. इंजिन एकच, त्याला जोडीदार नाही. आणि ही दोन्ही कामे चंद्राच्या आडून, पृथ्वीशी बोलणे तुटलेले असताना व्हावयाची. इंजिनाने परतीच्या वेळी दगा दिला असता तर तिघांनी चंद्राभोवती फिरत राहण्यापलीकडे काही करता आले नसते.

अँडर्स हे अणुशास्त्राचे शिक्षण घेतलेले अभियंते. त्यांनी निघण्यापूर्वी मनाशी हिशेब मांडला होता आणि पुढे तो मोकळेपणी सांगितलाही. तीन भाग करा. एक भाग शक्यता अशी की मोहीम ठरल्याप्रमाणे पार पडेल. एक भाग अशी की मोहीम फसेल, पण आपण जिवंत परत येऊ. उरलेला तिसरा भाग परत न येण्याचा. आपल्याकडे मुलगा नुसता मोटारसायकलवरून नागपूरला निघाला तरी आई देवापुढे साखर ठेवते. येथे तीन भागांतला एक भाग मरणाचा आहे असे मानून, लेकुरवाळा गृहस्थ यानात जाऊन बसला!

यान सुखरूप पोचले. त्याने चंद्राला दहा प्रदक्षिणा घातल्या. २४ डिसेंबरला चौथ्या फेरीत, चंद्राच्या जमिनीची छायाचित्रे घेण्याचे नेमून दिलेले काम करताना, अँडर्स यांना खिडकीतून चंद्राच्या क्षितिजावर उगवणारी निळी-पांढरी पृथ्वी दिसली. कॅमेऱ्यात काळ्या-पांढऱ्या चित्रांची फिल्म होती. त्यांनी लव्हेलकडे घाईघाईने रंगीत फिल्म मागितली, ती चढवली आणि बटण दाबले. तेच ते ‘पृथ्वीचा उदय’ म्हणून प्रसिद्ध झालेले छायाचित्र. आपण सारे ज्या एका लहानशा, नाजूक गोळ्यावर राहतो तो गोळा माणसाला प्रथमच असा, परक्या अंगणात उभे राहून पाहावा तसा दिसला.

मौज अशी की ज्याने मरणाचा एक भाग आधीच वेगळा काढून ठेवला होता तो त्यानंतर पंचावन्न वर्षे जगला. बोरमन २०२३ च्या नोव्हेंबरात वयाच्या ९५ व्या वर्षी गेले. लव्हेल २०२५ च्या ऑगस्टमध्ये ९७ व्या वर्षी. तिघांनीही नव्वदी गाठली. याच्या उलट, पहिला अंतराळवीर युरी गागारिन याचे पाहा. १२ एप्रिल १९६१ ला तो पृथ्वीला फेरी मारून आला. त्याच वर्षी तो भारतात आला तेव्हा मुंबईनेही त्याचे स्वागत केले. पुढे त्याचा मित्र कोमारोव १९६७ मध्ये अंतराळयान आदळून मेला, तेव्हा रशियाने गागारिनला अंतराळात पाठवणे बंद केले. राष्ट्राचा दागिना तो. हरवला तर काय घ्या! पण तो मुळात वैमानिक. त्याने विमान चालवण्याचा सराव पुन्हा सुरू केला आणि २७ मार्च १९६८ ला, वयाच्या ३४ व्या वर्षी, सरावाच्या विमानातच गेला. पेटीत ठेवला म्हणून दागिना टिकतो. माणसाच्या बाबतीत तेवढी शाश्वती देता येत नाही.

दोन शब्दांची गोष्ट

मराठी शिकवण्याचा धंदा असल्यामुळे माझे लक्ष येथे शब्दांकडे जाते. ‘साहस’ हा शब्द आज आपण कौतुकाने वापरतो. शाळेतल्या मुलांना साहसकथा वाचायला देतो. पण जुन्या धर्मशास्त्रात ‘साहस’ हे एका गुन्ह्याचे नाव आहे. बळजोरीने, दंडेलीने केलेले कृत्य म्हणजे साहस, आणि त्याला दंड सांगितलेला आहे. पुढे केव्हा तरी हा गुन्हेगार सज्जनांच्या पंगतीला येऊन बसला. तरी त्याचे मूळ रक्त कधी कधी उसळते. आपल्या जोरावर दुसऱ्याचा जीव टांगणीला लावणारा माणूस आजही जुन्या अर्थानेच साहसी असतो.

दुसरा शब्द ‘जोखीम’. याचा अर्थ धोका, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण आपल्या आज्या प्रवासाला निघताना म्हणत, “अंगावर जोखीम आहे, रात्रीची गाडी नको.” तेव्हा त्यांच्या बोलण्यात जोखीम म्हणजे गळ्यातली एकदाणी आणि हातातल्या पाटल्या असत. म्हणजे ज्या वस्तूला धोका आहे ती मोलाची वस्तूही जोखीम आणि तिला असलेला धोकाही जोखीमच. फार शहाणा शब्द आहे हा. ज्याच्याजवळ मोलाचे काही नाही त्याला जोखीमही नाही, एवढे तो एका दमात सांगून जातो.

एवढे लक्षात घेतले की अँडर्सच्या बातमीवर भांडणाऱ्या दोन्ही तटांना एकच प्रश्न विचारता येतो. जोखीम होती, हे कबूल. पण ती कोणाची होती? अंगावरचा दागिना स्वतःचा होता की शेजारणीचा मागून आणलेला?

जुहूवर उतरलेला म्हातारा

या प्रश्नाचे उत्तर शोधायला परदेशी जाण्याचे कारण नाही. आपल्या मुंबईने हा तमाशा उघड्या डोळ्यांनी पाहिलेला आहे.

जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला वैमानिकाचा पहिला परवाना मिळाला. परवान्याचा क्रमांकच १. पुढे इंग्लंड ते भारत हा प्रवास एकट्याने करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखानांनी बक्षीस लावले. टाटा कराचीहून इंग्लंडकडे निघाले. अस्पी इंजिनियर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून कराचीकडे येत होता. इजिप्तमध्ये अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पीच्या विमानाचे स्पार्क प्लग बिघडले होते आणि तो अडकून पडला होता. टाटांनी आपल्याजवळचे प्लग त्याला दिले. अस्पी पुढे गेला आणि बक्षीस त्यानेच जिंकले! हाच अस्पी इंजिनियर १९६० मध्ये भारताच्या हवाई दलाचा प्रमुख झाला. आकाशात एकटे जाणाऱ्या माणसांची ही रीत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आपला जीव त्यांनी पणाला लावला. दुसऱ्याच्या जिवाला मात्र हात देऊन वर काढले.

१५ ऑक्टोबर १९३२ ला टाटांनी कराचीहून पुस मॉथ नावाचे एका इंजिनाचे विमान उडवले. बरोबर होते सुमारे २५ किलो टपाल. बिनतारी यंत्र नाही, वाट दाखवणारे कोणी नाही. वाटेत अहमदाबादला उतरले तेव्हा इंधनाचे डबे बैलगाडीतून आणलेले! तेथून ते मुंबईला, जुहूच्या मातीच्या मैदानावर उतरले. पुढचे टपाल त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी मद्रासकडे नेले. भारताच्या विमान वाहतुकीचा हा श्रीगणेशा.

तीस वर्षांनी, १९६२ मध्ये, टाटांनी तोच प्रवास पुन्हा केला. तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. आणि १५ ऑक्टोबर १९८२ ला, पन्नास वर्षे पुरी झाली त्या दिवशी, वयाच्या ७८ व्या वर्षी ते पुन्हा कराचीला गेले, लेपर्ड मॉथ नावाच्या तशाच जुन्या, एका इंजिनाच्या विमानात एकटे बसले आणि अहमदाबादमार्गे जुहूला येऊन उतरले. ज्या माणसाने एअर इंडियाची जेट विमाने जगभर पाठवली, त्याला मुंबईला यायला दुसरे साधन नव्हते असे थोडेच आहे? त्यांनी कारणही सांगितले. देशातल्या तरुणांत निराशा पसरते आहे असे त्यांना वाटत होते. म्हाताऱ्याचे हे उड्डाण पाहून त्यांच्या मनात उमेदीची एखादी ठिणगी पडावी, एवढी त्यांची इच्छा होती.

आता त्यांच्या विमानातली बाकडी मोजून पाहा. एकाच माणसाचा जीव तेथे होता आणि त्या जिवाचा मालक स्वतः सुकाणू धरून बसला होता. हीच टाटांची व्यक्ती दुसऱ्यांचे जीव विमानात बसवावयाचे म्हटले की किती सावध होई, याची साक्ष आमच्या विदर्भात आहे. १९४९ मध्ये रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास या चार दिशांहून चार विमाने मध्यरात्री नागपूरला येत, थैल्यांची आणि उतारूंची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या घरी परतत. मुंबईचे विमान वर्धा जिल्ह्याच्याच आभाळातून येई-जाई. कल्पना मोठी देखणी होती; पण टाटांचा तिला प्रथमपासून विरोध होता. ती सेवा दुसऱ्या कंपन्यांनी चालवली, लोकप्रियही झाली आणि वर्षानुवर्षे टिकली. तरी १९५३ च्या डिसेंबरात नागपूरहून उडालेले असेच एक रात्रीचे विमान कोसळले आणि १३ माणसे मृत्युमुखी पडली. टपालाच्या थैल्यांवर पत्ता लिहिलेला असतो. उतारूंच्या जिवांवरही दुसऱ्या कोणाचा तरी पत्ता असतो, ही गोष्ट एकट्याने उडणाऱ्या माणसाला अधिक उमजत असावी.

पवनारचे प्रस्थान

टाटा जुहूवर उतरले त्याला बरोबर एक महिना होत होता तेव्हा, १५ नोव्हेंबर १९८२ ला, ऐन दिवाळीच्या दिवशी, वर्ध्यापासून आठ-नऊ किलोमीटरवर धाम नदीच्या काठी पवनारच्या आश्रमात विनोबा भाव्यांनी देह ठेवला. त्यांचे वय ८७ होते. एक उद्योगपती, एक संन्यस्त. एक आकाशातला, एक पायी चालणारा. दोघांची जोडी लावणे काहींना विचित्र वाटेल. परंतु म्हातारपणी जोखीम कोणाची, हा प्रश्न वर्धेकर माणसाला पवनारला गेल्यावाचून सोडवता येत नाही.

१९५१ मध्ये विनोबा वर्ध्याहून पायी निघाले तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते. नोकरीतली माणसे तेव्हा पेन्शनीचे अर्ज भरीत. ते तेरा वर्षे चालले आणि १९६४ मध्ये पवनारला परतले. या वाटेत १९५२ च्या अखेरीस बिहारमधील चांडील येथे त्यांना जबर हिवताप झाला. प्रथम त्यांनी औषध नाकारले. पण सहकाऱ्यांचे मन पाहून शेवटी घेतले, बरे झाले आणि पुन्हा चालू लागले. १९६० च्या मे महिन्यात, चौसष्टाव्या वर्षी, ते चंबळच्या खोऱ्यात शिरले आणि वीसएक दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या. त्या खोऱ्यात पस्तिशीतला माणूसही रात्री एकटा जात नसे!

१९८२ च्या नोव्हेंबरात हृदयविकाराचा झटका आल्यावर मात्र त्यांनी अन्न, पाणी आणि औषध तिन्ही सोडले. पंतप्रधान इंदिरा गांधी येऊन भेटल्या. डॉक्टरांनी, निकटवर्तीयांनी विनवले. पण त्यांचा निश्चय ढळला नाही. त्या वेळीही लोकांत दोन तट पडले होते. मला या निर्णयाचा कित्ता कोणाला गिरवायला सांगावयाचा नाही. तो एका वेगळ्याच साधनेचा भाग होता आणि त्यामागे उभे आयुष्य होते. १९३२ साली, म्हणजे टाटांनी पहिले टपाल आणले त्याच वर्षी, विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. आठव्या अध्यायावर बोलताना त्यांनी विषय घेतला होता तो शेवटच्या क्षणाच्या तयारीचा. तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते. मरणाची तयारी भर तारुण्यात मांडणारा हा माणूस आणि पस्तिसाव्या वर्षी तीन भागांचा हिशेब करणारा तो अंतराळवीर यांच्यात मला एक नाते दिसते. दोघांनीही जोखीम पत्करण्याआधी ती मोजली होती.

आणखी एक नाते आहे. विनोबांनी पदयात्रेत ‘जय जगत्’ हा घोष दिला. विज्ञान आणि अध्यात्म यांची सांगड घातल्यावाचून जग तरणार नाही, असे ते सांगत. पुष्कळांना तेव्हा ते साधूचे बोलणे वाटले. नंतर दहाएक वर्षांतच चंद्राच्या आडून घेतलेले ते छायाचित्र पृथ्वीवर आले आणि त्यात देशांच्या सीमा कोठेच दिसत नव्हत्या. जे एकाने धुळीच्या रस्त्यावरून चालता चालता म्हटले होते, त्याचा फोटो दुसऱ्याने पाऊणेचार लाख किलोमीटरांवरून आणून दिला.

गुडघ्यांचा सल्ला

आतापर्यंतचे वाचून तमाम निवृत्त मंडळी खूश झाली असतील, तर त्यांच्या मुलांची बाजूही मांडली पाहिजे.

म्हातारपणी डोळ्यांचा, कानांचा, हातापायांचा वेग मंदावतो, हे कोणी नाकारू नये. विमानांच्या जगाने ते केव्हाच ओळखले आहे. साठीनंतर प्रवासी विमान एकट्याने चालवता येत नाही, जोडीला दुसरा वैमानिक लागतो. आणि वयाच्या ६५ नंतर तर त्या खुर्चीवर बसताच येत नाही. मात्र स्वतःच्या हौसेसाठी विमान चालवणाऱ्याला अशी वरची वयोमर्यादा नाही. त्याला ठरल्या मुदतीने वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण व्हावे लागते, एवढेच. या दोन नियमांतला फरक मला फार समंजस वाटतो. दुसऱ्यांचे जीव हातात असतील तर दिनदर्शिका पाहा. स्वतःचाच असेल तर माणूस पाहा.

माणूस पाहावयाचा म्हणजे काय, हे जॉन ग्लेन यांच्याकडून शिकावे. पृथ्वीभोवती फिरलेले ते पहिले अमेरिकन. १९६२ सालची गोष्ट. त्यानंतर तब्बल ३६ वर्षांनी, १९९८ च्या ऑक्टोबरात, वयाच्या ७७ व्या वर्षी ते पुन्हा अंतराळात गेले आणि म्हातारपणी झोपेचे, हाडांचे, स्नायूंचे काय होते याच्या प्रयोगांसाठी त्यांनी आपले शरीर शास्त्रज्ञांच्या स्वाधीन केले. स्वतःचे खाजगी विमान तर ते जवळजवळ नव्वदीपर्यंत चालवीत होते. मग एक दिवस त्यांनी ते विकून टाकले. कारण काय? पती-पत्नी दोघांच्याही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झालेल्या. विमानात चढणेच जमेना! परवाना अजून खिशात होता, पण गुडघ्यांनी सल्ला दिला आणि त्यांनी तो ऐकला. त्यांच्या हातून किल्ली कोणाला काढून घ्यावी लागली नाही.

दुसरा धडा आपल्याकडचा. विजयपत सिंघानिया यांनी १९८८ मध्ये एका अतिहलक्या विमानातून लंडन ते अहमदाबाद प्रवास केला होता. २६ नोव्हेंबर २००५ ला, वयाच्या ६७ व्या वर्षी, ते मुंबईहून गरम हवेच्या फुग्याने सुमारे एकवीस किलोमीटर उंच गेले आणि नाशिक जिल्ह्यात उतरले. त्या उंचीवर उघडा माणूस क्षणभरही तग धरीत नाही. म्हणून फुग्याखाली टोपलीऐवजी हवाबंद कोठडी होती. वरवर पाहता म्हाताऱ्याचा हट्ट वाटावा अशा गोष्टीमागे किती बारीक तयारी असते, हे त्या कोठडीकडे पाहिले म्हणजे कळते.

तेव्हा हिशेब असा मांडता येईल. पणाला लावलेला जीव स्वतःचाच असावा. तयारी पुरी असावी आणि शरीराचे म्हणणे ऐकण्याची सवय असावी. आणि त्या करण्यातून मागे उरणाऱ्यांना काही मिळावे. निदान उमेदीची एक ठिणगी तरी. या कसोट्यांना जो उतरला त्याला अडवण्याचा अधिकार मुलांना नाही, असे मला वाटते. जो उतरला नाही त्याने नव्वदीची वाट पाहू नये. पंचविशीतच गाडीची किल्ली खुंटीला टांगावी.

लूना आणि नातू

आमच्या गल्लीत एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्याजवळ एक जुनी लूना आहे. लूना म्हणजे लॅटिन भाषेत चंद्र, हे त्यांना ठाऊक आहे आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतातही. दोन्ही मुलगे पुण्याला. मागच्या दिवाळीला मुलगे आले आणि लूना विकण्याची भाषा सुरू झाली. गुरुजी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन तपासून आले, मेकॅनिककडून ब्रेक पाहून घेतले. “गाडी तं टनाटन हाय गुर्जी, तुमचं सांगा,” असे तो मेकॅनिक म्हणाला म्हणे. संध्याकाळी त्यांनी मुलांपुढे वहीचे एक पान ठेवले. त्यावर त्यांच्या सुवाच्य अक्षरात नियम लिहिले होते. अंधार पडल्यावर गाडी काढणार नाही. नागपूर रस्त्यावर जाणार नाही. दर सहा महिन्यांनी डोळे तपासीन. आणि शेवटचा नियम : नातवाला मागे बसवणार नाही.

तो शेवटचा नियम वाचून मोठा मुलगा गप्प झाला, असे त्यांच्या पत्नीने आमच्या घरी सांगितले. नातवाला मागे बसवून बाजारात नेणे हे गुरुजींच्या वर्षभराच्या वाट पाहण्याचे सुख होते. ते त्यांनी आपण होऊन सोडले. लूना राहिली.

आजवर वाचलेल्या अंतराळाच्या साऱ्या गोष्टींपेक्षा त्या कागदाने मला अधिक शिकवले असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल. पण अँडर्स यांचा तीन भागांचा हिशेब आणि गुरुजींचे ते पान एकाच जातीचे आहे, एवढे खचित. पहिल्या अंतराळवीरांचा वारसा आपण अग्निबाणांत, पदकांत आणि टपालाच्या तिकिटांत शोधतो. खरा वारसा या हिशेबी धैर्यात आहे. धोका आहे हे डोळे उघडे ठेवून पाहावे, तो मोजावा, त्यातला दुसऱ्याचा वाटा आधी काढून बाजूला ठेवावा आणि मग आपल्या वाट्याचे खुशाल उचलावे. त्यासाठी चंद्रावर जाण्याची गरज नाही; वर्ध्याच्या भाजीबाजारापर्यंत जाणेही पुरते.

आणि घरच्यांचे काय? त्यांची भीती खोटी नसते. ज्याच्यावर प्रेम आहे त्याला गमावण्याची भीती हीही एक जोखीमच, आणि ती वाहावी लागते ती मागे राहणाऱ्यांना. चंद्राकडे निघालेल्यांच्या घरांनी ती वाहिली, कराचीहून जुहूकडे येणाऱ्याच्या घराने वाहिली. म्हणून म्हाताऱ्याने नुसते “माझा जीव, माझी मर्जी” म्हणून चालत नाही. त्याने आपला हिशेब घरच्यांना दाखवला पाहिजे. आणि घरच्यांनीही किल्ली लपवण्याआधी तो पाहण्याची तसदी घेतली पाहिजे.

दिवाळीला मुले गावी येतात. फराळाची ताटे पुढे येतात आणि कोणी तरी हळूच विषय काढतो : बाबांनी आता गाडी सोडावी, आईने एकटीने काशीला जाऊ नये, आजोबांनी विहिरीवर पोहू नये. यंदा असा विषय निघाला तर निकाल देण्याची घाई करू नये. चहा पुन्हा ठेवावा आणि त्या म्हाताऱ्या माणसाला एवढेच विचारावे, की तुम्ही हे कशासाठी करता आणि कसे करता, ते आम्हाला नीट सांगा. उत्तर ऐकायला अर्धा-पाऊण तास लागेल. तेवढा वेळ दिवाळीत निघतो.